खालून सातवी ओळ

१

छापखान्यात तिला सगळे ‘नवी’ म्हणत. वय अडतीस, घरी सात वर्षांची मुलगी, आधीची दहा वर्षं एका औषधांच्या दुकानात उभ्याने काढलेली, तरी नाव नवीच. तिच्यानंतर तिथे दुसरं कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे ते नाव काढून घ्यायलाही कुणी नव्हतं. तळमजल्यावर यंत्रवाले काका आणि त्यांचं यंत्र, जिन्याशी मालकीणबाईंची खोली आणि वर मास्तर, एवढाच सगळा कारभार.

मास्तर पंचाहत्तरीला टेकलेले. शिशाचे खिळे एकेक करून जुळवण्याच्या काळापासून ते या धंद्यात होते. आता खिळे गेले, संगणक आला, पण पान कसं लावायचं हे अजून त्यांच्याच हाताने ठरे. पहिल्या दिवशी त्यांनी नवीपुढे एक छापलेलं पान ठेवलं.

“काय दिसतं?”

तिने खाली मान घालून वाचायला सुरुवात केली.

“वाचू नकोस. वाचता सगळ्यांनाच येतं. बघ.” त्यांनी पान उलटं फिरवलं. “डोळे बारीक कर. अक्षरं सोडून दे. मधलं पांढरं बघ.”

दोन आठवडे तिला कपाळ काही दिसलं नाही. ती मान डोलवायची आणि मास्तरांना ते बरोबर कळायचं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मात्र ती पानावर डोळे किलकिले करून बसली असताना सगळं एकदम लख्ख झालं. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटत होता. शब्दांमधल्या फटी एकाखाली एक येऊन पानभर पांढरा ओघळ उतरला होता. एका जोडाक्षराने शेजारच्याचा श्वास कोंडला होता. नवीला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठून उभीच राहिली.

“दिसलं,” मास्तर म्हणाले. “आता सुटका नाही तुझी.”

खरंच नव्हती. दुकानांच्या पाट्या, बसची तिकिटं, औषधांची वेष्टनं, सगळीकडे तिला वाकडंतिकडं पांढरं दिसायला लागलं. रस्त्याने चालताना ती थांबायची, मुलीला दाखवायची. मुलीचं घरातलं नाव बिट्टी. बिट्टीला हा खेळ फार आवडला. “आई, ती पाटी बघ, तिच्यात दात पडलाय!” असं ती भर रस्त्यात ओरडे. नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा, तो डोक्याला हात लावी.

“दिसत नाही म्हणून लोक आमच्याकडे येतात,” तो म्हणाला. “तुला जास्तीचं दिसायला लागलंय. यावर आमच्याकडे नंबर नाही बाई.”

२

एका निवृत्त पशुवैद्याच्या आठवणींचं पुस्तक छपाईला आलं होतं. दोनशे बारा पानं आणि पानोपानी गाभण म्हशी. नवीने स्वतःच्या हाताने लावलेलं हे पहिलं पुस्तक. मास्तर शेजारी बसून सांगत.

“ओळीच्या दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणजे जागा मोजकी असते. मध्ये कुठे जास्त दिलीस की शेवटचा शब्द बाहेर पडतो. खालच्या ओळीत जातो. तिथेही जागा नसली की पुढच्या पानावर. लक्षात ठेव, धक्का नेहमी टोकाच्याला बसतो.”

आठवडाभर राबून तिने पानं पुरी केली. मास्तरांनी शेवटचा हात फिरवायला ती ठेवून घेतली. सकाळी तिने पुन्हा उघडून पाहिली तर पहिल्याच पानावर तिचे डोळे अडखळले. खालून सातव्या ओळीत दोन शब्दांमध्ये एक फट होती. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. काल ती नव्हती. दुसऱ्या पानावरही होती, खालून सातव्या ओळीतच. तिसऱ्यावरही. दोनशे बारा पानं तिने पालथी घातली आणि प्रत्येक पानावर तिला ती सापडली.

दुपारी मास्तर जेवायला गेले तेव्हा तिने भिंतीजवळचं कपाट उघडलं. छापखान्यात आजवर छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथे असे. तिने मधूनच एक काढलं. मग दहा वर्षांपूर्वीचं, मग तीस वर्षांपूर्वीचं, खिळ्यांच्या काळातलं, ज्याच्या कागदाचा तुकडा बोटाला चिकटून आला. सगळ्यांत खालून सातवी ओळ आणि तीच फट.

आणखी एक गोष्ट तिला जाणवली. शिकाऊ डोळ्यांना काय काय दिसतं म्हणून तिने ती मनातून झटकली. पानावरचं बाकीचं पांढरं कागदाचं होतं. फटीतलं पांढरं किंचित मळकं वाटत होतं, खूप दिवस कुणी बसत असलेल्या गादीवर जसा डाग धरतो तसं.

संध्याकाळी तिने भीतभीत विचारलं, “मास्तर, सातव्या ओळीत...”

“ती राहू दे,” मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्म्याच्या काचा स्वच्छ होत्या. तरी ते बराच वेळ पुसत राहिले.

३

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पुढच्या सोमवारी त्यांची शस्त्रक्रिया ठरली आणि नवीने स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही. हात सवयीने कुठेतरी अडकतो, तिथे फट राहते, आणि कबूल करायची लाज वाटते. तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात मोतीबिंदू कुठून आला, हा प्रश्न तिला पडला होता. तिने त्याच्याकडे कानाडोळा केला. मास्तरांवर तिचा जीव होता. पशुवैद्याने पुस्तक उघडून हसावं हे तिला सहन झालं नसतं. शिवाय तिला आता दिसत होतं आणि ज्याला नुकतं दिसायला लागलंय त्याचे हात शिवशिवतातच.

मास्तर दवाखान्यात गेले त्या दिवशी ती बसली आणि एकेक फट बुजवत गेली. पान एकदम नीटस दिसायचं, तिला समाधान वाटायचं. दोनशे बाराव्या पानाला हात लावला तेव्हा चहाची वेळ झाली होती.

बुधवारी पुस्तक यंत्रावर चढलं. नवी खाली यंत्रवाले काकांच्या शेजारी उभी राहून पहिले कागद तपासत होती. वरच्या खोलीला तिने स्वतः कुलूप घातलं होतं, किल्ली तिच्या मुठीत होती. यंत्राची लय लागली आणि त्या धडधडीतून तिला डोक्यावर स्पष्ट आवाज आला. कुणीतरी खुर्ची मागे सरकवून उठलं होतं.

“काका, वर कोण आहे?”

“उंदीर,” काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

ती वर गेली. कुलूप जागच्या जागी. आत खोलीत सगळं जसंच्या तसं, फक्त पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडं होतं. दुपारी आपणच उघडं ठेवलं असेल, तिने स्वतःला बजावलं. आज दुपारी ती कपाटाकडे फिरकलीही नव्हती.

४

घरी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला लांब बाक होता, दुसऱ्या बाजूला एक खुर्ची. बाकावर नवरा आणि बिट्टी, समोर खुर्चीवर ती, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. बिट्टी जेवताना बापाच्या दंडाला चिकटून बसायची, त्याचा घास तोंडात जाईपर्यंत त्याला ढोसत राहायची.

बुधवारी रात्री जेवताना दोघांच्या मध्ये वीतभर अंतर होतं.

“सरक ना बाबाकडे,” ती म्हणाली.

“जागा नाहीये,” बिट्टी म्हणाली आणि भात कालवायला लागली.

भांडली असतील. मुलं मोठी व्हायला लागली की लांब बसतात. नवीने असं बरंच काही मनाशी म्हणून पाहिलं. शुक्रवारी अंतर दोन वितींचं झालं. रविवारी बिट्टी बाकाच्या टोकाला, एक पाय जमिनीवर रोवून जेवत होती आणि तिच्या बापाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. टीव्हीवरच्या बातम्यांना तो नावं ठेवत होता.

नवीचा स्वतःवरचा विश्वास उडाला. सोमवारी ती नवऱ्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आली. त्याने तिला खुर्चीत बसवून समोरचा तक्ता वाचायला लावला, काचा बदलून बदलून पाहिल्या.

“ठणठणीत आहेत. तू जरा झोप काढ. चेहरा बघ कसा झालाय.”

त्याने प्रेमाने तिच्या डोक्यावर टपली मारली. ती हसली. नवरा बरोबर म्हणत होता, दमल्यावर माणसाला काय वाट्टेल ते दिसतं.

त्या संध्याकाळी बाकावर बसलेल्या नवऱ्याने गडद शर्ट घातला होता, बिट्टी शाळेच्या निळ्या गणवेशात होती. मागे पांढरी भिंत. नवीने वाढता वाढता, अगदी नकळत, डोळे बारीक केले. माणसं विरघळून दोन काळसर डाग उरले आणि मधलं पांढरं वर आलं. ते नुसतं रिकामं असतं तर त्याच्या दोन्ही कडा नवऱ्याच्या दंडाच्या आणि बिट्टीच्या पाठीच्या असत्या. तशा त्या नव्हत्या. त्या पांढऱ्याला स्वतःचा खांदा होता. वरचा गोल भाग बिट्टीच्या बाजूला कलला होता, लहान मुलाच्या ताटात काय आहे ते बघायला मोठं माणूस कलतं तसा.

तिच्या हातातला डाव खाली पडला. नवऱ्याने दचकून विचारलं, “काय झालं?”

“भाजलं,” ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

५

मग शाळेतून एकेक गोष्टी यायला लागल्या. वह्या वाटल्या, बिट्टीपर्यंत पोचेतो संपल्या. हजेरी घेताना बाईंनी तिचं नाव घेतलं नाही, दोन दिवस. बिट्टीने तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. वर्गाचा फोटो आला. तीन रांगा, मुलं अगदी ठासून बसवलेली. मधल्या रांगेत एका ठिकाणी मात्र मोकळं होतं, एका माणसाच्या बैठकीएवढं. त्याच्या पलीकडे, रांगेच्या टोकाला, बिट्टी होती. अर्धीच होती. उरलेली अर्धी फोटोच्या कडेबाहेर गेली होती.

धक्का नेहमी टोकाच्याला बसतो, हे तिला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. तिची पोर ओळीतून बाहेर ढकलली जात होती.

मास्तर काळा चष्मा लावून कामावर परतले त्या दिवशी मालकीणबाईंनी पेढा द्यावा तशा कौतुकाने त्यांच्या हातात पशुवैद्याचं पुस्तक ठेवलं. मास्तरांनी एक पान उघडलं. मग दुसरं. मग ते भराभर पानं उलटत गेले आणि मध्येच थांबून खुर्चीचा हात चाचपत खाली बसले. मालकीणबाई खाली गेल्यावर त्यांनी उघडं पान नवीपुढे धरलं.

“तू बुजवलीस?”

“मला वाटलं, तुम्हाला दिसलं नसेल. लोक हसतील म्हणून...” नवीला रडू फुटलं. “मास्तर, ते काय आहे?”

“मला नाही माहीत. माझ्या गुरूंनी सांगितलं, प्रत्येक पानात एवढी जागा सोडायची. मी सोडत आलो. विचारलं नाही.” त्यांनी पुस्तक मिटलं. “तुला सांगायला हवं होतं. सांगितलं तर हसशील असं वाटलं. घरी कोण कोण असतं तुझ्या?”

“नवरा आणि मुलगी.”

“केवढी आहे मुलगी?”

“सात.”

मास्तरांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी ते तिच्याकडे बघत राहिले आणि ती नजर नवीला बघवेना.

“विशीत असताना मीही एकदा बुजवली होती,” ते म्हणाले. “हौसेने. तुझ्यासारखीच.”

“मग?”

“तेव्हा आम्ही दोघे भाऊ होतो.”

तिने त्यांचे हात धरले. पुन्हा पानं लावू, फटी पुन्हा सोडू, सगळी पुस्तकं परत मागवू, पशुवैद्याच्या पाया पडू. मास्तर ऐकून घेत होते.

“सोडून बघ,” ते म्हणाले. “मीही बघितलं होतं.”

तिने तिथेच, उभ्या उभ्या, एका पानाची खालून सातवी ओळ उघडली, पेरभर फट ठेवली, कागद छापून काढला आणि उजेडात धरला. डोळे बारीक केले, मोठे केले, पान उलटं केलं. फट स्वच्छ पांढरी होती. भोवतालच्या कागदाइतकीच पांढरी. तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

“तुमच्या भावाच्या वेळी तुम्ही काय केलंत?” तिने विचारलं.

“काही नाही. घाबरलो होतो.” मास्तर म्हणाले. “तो टोकाला होता, मी त्याच्या अलीकडे. मला दिसत होतं. मी जागचा हललो नाही गं.”

६

शनिवारी सकाळी तिघांनी बाजारात जायचं ठरलं होतं. नवरा पिशव्या घेऊन दाराबाहेर आला, नवी त्याच्यामागे. त्याने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली आणि शीळ घालत दोन पायऱ्या उतरलाही.

“बिट्टी!” नवी किंचाळली.

“अं?”

“बिट्टी आत आहे!”

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला आयुष्यात विसरता येण्यासारखं नव्हतं. तो आठवत होता. दुकानात एखादं गिऱ्हाईक मागच्या वर्षी केलेल्या चष्म्याबद्दल विचारतं तेव्हा आठवतो, तसा. एक क्षण, दोन क्षण. मग तो म्हणाला, “अरे हो, बिट्टी,” आणि हसला. त्याला त्यात काहीच वाटलं नाही.

नवीने त्याच्या हातातून किल्ली हिसकावून दार उघडलं. बिट्टी दारामागे उभी होती, चपला घालून, तयार. ती रडत नव्हती. तिचा रंग उडाल्यासारखा दिसत होता, जुन्या छपाईवर ऊन पडलं की शाई विटते तसा. नवीने तिला कवटाळलं. पोर हाताला लागत होती, पण पूर्वीइतकी भरीव लागत नव्हती.

“बाजार राहू दे,” ती नवऱ्याला म्हणाली. “आत चल. आधी खाऊन घेऊ.”

“आत्ताच तर खाल्लं.”

“मला भूक लागलीय.”

तिच्या आवाजात असं काही होतं की तो निमूट आत आला. तिने पाव कापले, अंडी उकडली, दूध तापवलं. एकही थेंब सांडू दिला नाही. नवरा बाकावर त्याच्या जागी बसला. बिट्टी सवयीने बाकाच्या टोकाकडे निघाली.

“तिथे नाही,” नवी म्हणाली. “तू माझ्या खुर्चीवर बस.”

“आणि तू?”

“मी बसते बाकावर.”

बिट्टीने बाकाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे. ती गुपचूप वळसा घालून खुर्चीवर जाऊन बसली आणि तिचे दोन्ही पाय कितीतरी दिवसांनी एकदम अधांतरी लोंबायला लागले.

नवी बाकाच्या टोकावर बसली. डावीकडे तिने पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, दंडाला गार लागत होतं आणि बाकाची फळी, तिघांच्या वजनाने वाकते तशी, मध्यातून वाकली होती. ती ताठ बसून राहिली. पळावंसं वाटत होतं, इतकं की पोटऱ्यांना गोळे आले. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

“बिट्टे, दूध संपव,” नवरा पलीकडून म्हणाला. “आणि मिशा पूस त्या.”

त्याने तिला नावाने हाक मारली होती. समोर बिट्टी हसली. खिडकीतलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं आणि गाल लाल दिसत होता, पूर्वीसारखा. हाताच्या उलट्या बाजूने तिने ओठांवरचं दूध पुसलं, पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, आणि चघळता चघळता तिची नजर आईच्या खांद्यापाशी, जरा वर, जाऊन थांबली.

“आई,” ती भरल्या तोंडाने म्हणाली, “अजून थोडी सरक. त्याला पुरत नाहीये.”

“कुणाला गं?” नवऱ्याने विचारलं.

नवीने एक पाय जमिनीवर रोवला आणि सरकली.